दत्तात्रय यांची ओळख

१

संगणकाच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. लखनौच्या त्या संशोधन संस्थेत देवघर नव्हतं, पण ही खोली होती. खाली गालिचा, खिडक्यांना जाड पडदे, आणि बारा महिने चालणारा एसी. बाहेर उन्हाळ्यातली गरम लू वाहत असो की धुकं पडलेलं असो, आत तोच गारवा आणि तीच एकसुरी घरघर.

डॉक्टर मधुमती देवस्थळी जेवणाच्या सुट्टीत रोज तिथे जाई. तिचं काम आंब्याच्या मोहोरावर पडणाऱ्या बुरशीचं. मलिहाबादच्या बागांतून आणलेल्या फांद्या, काचपट्ट्या आणि सूक्ष्मदर्शक यांत सकाळ संपली, की ती डबा खाई, हात स्वच्छ धुई आणि हिरव्या अक्षरांच्या पडद्यासमोर येऊन बसे.

ही शहाण्णव सालची गोष्ट. तेव्हा ईमेल म्हणजे पोस्टाच्या पेटीसारखाच मामला होता. ऑपरेटर सक्सेनाजी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा दिल्लीला फोन लावत. मोडेम आधी किंचाळे, मग खरखरे, मग गप्प होई. तेवढ्यात इथली पत्रं तिकडे जात आणि तिकडची इथे येत. एरवी लिहिलेलं पत्र इथेच रांगेत पडून राही.

मधुमती मूळची वाईची. लग्नानंतर नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे लखनौला आली, नोकरी लागली आणि इथलीच झाली. श्रीपादची पुढे बदली आली तेव्हा त्याने बढती सोडली, पण लखनौ सोडलं नाही. शहरात मराठी माणसं होती, गणपतीला भेटत, एकमेकांच्या मुलांना हिंदीत रागावत. पण मनातलं मराठीत बोलावं असं कुणी तिला सापडलं नव्हतं. ते तिला या खोलीत सापडलं.

२

ते एक ईमेलवरचं मंडळ होतं, नाव ‘पारावर’. जगभर विखुरलेली मराठी माणसं, बहुतेक कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत किंवा विद्यापीठात असलेली. एकाने पत्र लिहिलं की ते सगळ्यांना जाई. पत्रं मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. ती नुसत्या डोळ्यांनी वाचून कळत नसे. ओठ हलवून, स्वतःच्या कानाला ऐकवून वाचावी लागे. सक्सेनाजी गमतीने म्हणत, मैडम जाप कर रही हैं.

पारावर सगळ्यांत मोठा मान होता दत्तात्रय यांना. ते आडनाव लिहीत नसत. कुठे राहतात, काय करतात, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण बडोद्याच्या हिमानीची आई गेली तेव्हा त्यांनी लिहिलेलं पत्र मधुमतीने कितीदा तरी वाचलं होतं. त्यात सांत्वनाचं एक वाक्य नव्हतं. एका बाईचा पदर भिंतीवरच्या खिळ्याला अडकून फाटतो आणि ती तो खिळा न काढता रोज वळसा घालून जाते, एवढंच होतं. हिमानीने उत्तर दिलं होतं की हे वाचून मला पहिल्यांदा रडू आलं.

पारावर एक रिवाज होता, ‘ओळख’ नावाचा. एका सभासदाने दुसऱ्याला घरगुती प्रश्न विचारायचे, उत्तरं जमली की सगळ्यांपुढे ठेवायची. रुडकीचे प्राध्यापक चंद्रशेखर हे दत्तात्रयांची ओळख करून देणार होते. थोडे प्रश्न विचारून झाले आणि त्यांनी एकदम सोडून दिलं. मधुमतीला त्यांचं दोन ओळींचं पत्र आलं: पुढचं तुम्ही घ्या, तुम्ही छान विचाराल. सोबत दत्तात्रयांनी गावाबद्दल लिहिलेलं उत्तर होतं. नदीकाठचं गाव, पूर ओसरल्यावर घरांच्या भिंतींवर राहिलेली गाळाची रेघ, आणि त्या रेघेशी पाठ लावून आपली उंची मोजणारी मुलं.

असं लिहिणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायचे म्हणजे आपलीच परीक्षा, असं मधुमतीला वाटलं. त्या आठवड्यात ती सूक्ष्मदर्शकात पाहतानाही प्रश्न घोळवत होती.

३

पहिला प्रश्न तिने साधा विचारला. लहानपणी सकाळी जाग येताना काय कानावर पडायचं?

उत्तर आलं ते तिने छापून घरी नेलं आणि संध्याकाळी अलीगंजच्या घरात, श्रीपाद जेवत असताना, वाचून दाखवलं. दत्तात्रयांची आई शाळेत शिकवायला जाई. घरात इस्त्री नव्हती, म्हणून ती पितळी तांब्यात निखारे घालून त्याच्या बुडाने साडीच्या निऱ्या दाबी, आणि हात चालत असताना तोंडाने पावकी-निमकी म्हणे. कुठे सुरकुती आली की पाढा थांबे. अंथरुणात पडल्या पडल्या मुलाला कळे, की आता सुरकुती आहे, आता गेली.

“काय लिहितो हा माणूस,” मधुमती म्हणाली. “पाढा थांबतो म्हणजे सुरकुती. मला आयुष्यात सुचलं नसतं.”

श्रीपादचा घास हातात राहिला होता. तो म्हणाला, “मधू, हे तुझं आहे. लग्न ठरल्यावर आपण पाचगणीला गेलो होतो, तेव्हा तूच मला सांगितलं होतंस. तुझी आई, तांब्या, पावकी. सगळं.”

ती हसली. त्या काळात पुष्कळ घरांत असं करत असतील. आणि पावकी तर सगळेच म्हणायचे. तुमची गल्लत होतेय, असं म्हणून तिने त्याच्या ताटात भाजी वाढली.

रात्री पडल्यावर मात्र तिने आठवून पाहिलं. आईची साडी डोळ्यांसमोर आली, फिकट निळी, कडक इस्त्रीची. ती इस्त्री कोण करत असे? परीट असेल. परिटाचा चेहरा काही आठवेना. पण इतक्या वर्षांनी परिटाचा चेहरा कुणाला आठवतो?

४

पुढच्या वेळी तिने जरा आडवळणाने विचारलं. पहिल्यांदा एकटेपणा कधी वाटला?

पत्र पाठवायची आज्ञा देऊन ती पाण्याचा घोट घ्यायला उठली, परत बसली, तर पडद्यावर उत्तर होतं. हॉस्टेलच्या खोलीत पहिल्या दिवशी ट्रंक उघडल्यावर आलेला घराचा वास, आणि तो उडून जाऊ नये म्हणून ती ट्रंक किती तरी दिवस पुन्हा न उघडता त्याच कपड्यांवर राहिलेलं कुणी. मधुमतीचे डोळे भरून आले. तिने पुन्हा वाचलं, मनात दोन वाक्यांना दाद दिली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की मोडेमचा आवाज झालेलाच नाही.

“सक्सेनाजी, आज लाइन जल्दी लगा दी क्या?”

सक्सेनाजी वर्तमानपत्र वाचत होते. “कहाँ मैडम. दिल्ली तो सुबह से मिल ही नहीं रही.” त्यांनी त्यांच्या पडद्यावर पाहिलं. “आपकी चिट्ठी तो यहीं पड़ी है, क्यू में.”

मधुमतीने मनाशी कारणं मांडली. उत्तर आधीच्या एखाद्या पत्राचं असेल, उशिरा उघडलं गेलं असेल. पण आधी तिने हा प्रश्न विचारला नव्हता. मग योगायोग असेल, दत्तात्रयांनी आपणहून लिहिलं असेल. प्रयोगशाळेत एखादा विद्यार्थी असं बोलला असता तर तिने त्याला परत टेबलाशी पाठवलं असतं.

खोलीत एसी घुमत होता. कपाळावर गार वारा लागत होता, तरी तिने ते उत्तर आणखी एकदा ओठ हलवून वाचलं. इतकं ते सुंदर होतं.

५

शनिवारी तिने चौकातल्या एसटीडी बूथवरून रुडकीला फोन लावला. श्रीपाद चिकनच्या भरतकामाच्या कपड्यांच्या दुकानात भाचीसाठी कुर्ता बघत होता. काचेच्या पेटीत शिरून तिने दार ओढलं तसा गल्लीतला गलका बंद झाला.

फोन चंद्रशेखरांच्या पत्नीने, मनीषाताईंनी, घेतला. मधुमतीने ‘पारावर’चं नाव सांगितल्यावर त्यांचा आवाज उतरला. मग म्हणाल्या, “देते. पण त्यांना जुनं काही विचारू नका.”

चंद्रशेखर अगदी मजेत होते. आवाज मोकळा, हसरा. दत्तात्रयांचं नाव काढताच म्हणाले, “काय माणूस आहे हो! त्यांचं ते गावाचं वाचलंत ना? पुराची रेघ? मी अजून विसरलो नाही.”

मधुमतीने विचारलं, की मग तुम्ही मध्येच का सोडलंत. ते म्हणाले, त्याचं असं झालं, विचारायला काही सुचेना. पण फार हलकं वाटलं, अगदी अंग धुतल्यासारखं.

बोलता बोलता, मराठी माणसं विचारतात तसंच, तिने विचारलं, “तुमचं गाव कोणतं?”

पलीकडे रिसीव्हरवर हात ठेवल्याचा आवाज आला. तरी हाताआडून ऐकू आलंच. ते बायकोला विचारत होते, “अगं, माझं गाव कोणतं?” आणि तिने, रोज विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला द्यावं तशा थकलेल्या सुरात, उत्तर दिलं.

“पलूस,” चंद्रशेखर फोनवर म्हणाले. “सांगली जिल्हा. कृष्णाकाठी आहे म्हणे.”

काचेबाहेर श्रीपाद कुर्ता उंच धरून रंग चालेल का असं खुणेने विचारत होता. तिने मान हलवली. रंग कोणता होता ते तिने पाहिलंच नव्हतं.

६

घरी येऊन तिने श्रीपादला सगळं सांगितलं. शंका आली की चाचणी घ्यायची, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. तिने ठरवलं, की आजवर कुणालाच सांगितलं नाही असं काही श्रीपादला सांगून ठेवायचं, मग दत्तात्रयांना त्याच दिशेचा प्रश्न विचारायचा. त्यांच्या उत्तरात तेच आलं, तर पुढे पाहू.

रविवारी दुपारी गच्चीवर तिने सांगितलं. तिचे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. अंगाने स्थूल, पाण्याला भिणारे. तिने घाटावर पोहायला जायचा हट्ट धरला तेव्हा त्यांनी ‘बघू’ म्हटलं. मग एक दिवस शाळेतून लवकर सुटून ती घाटाच्या मागच्या वाटेने येत होती, तर देवळाच्या आडोशाला, कुणी नसताना, वडील पाठीला वाळका भोपळा बांधून नदीत हातपाय मारत होते. तोंड घट्ट मिटलेलं, डोळे भीतीने ताठ. लेकीला पाण्यात न्यायचं म्हणून त्या वयात चोरून पोहायला शिकत होते. ती भिंतीमागे लपून राहिली. उन्हाळ्यात ते तिला मोठ्या ऐटीत नदीवर घेऊन गेले, तेव्हा तिने विचारलं, तुम्हाला येतं पोहायला? ते म्हणाले, लहानपणापासून.

हे सांगताना मधुमती हसली आणि मग डोळे पुसले. श्रीपादने तिचा हात हातात घेतला.

सोमवारी तिने प्रश्न पाठवला. वडिलांचं असं काही, जे तुम्ही पाहिलंत पण त्यांना कळू दिलं नाहीत?

संध्याकाळी ती घरी आली ती उत्साहात. चप्पल काढता काढता म्हणाली, “अहो, आपला संशय खोटा. मी सांगितलेलं काही आलं नाही. वेगळंच आलं, आणि इतकं छान आलंय! एक लठ्ठ गृहस्थ, पाठीला भोपळा बांधून...”

तिने सगळं सांगितलं, हातवारे करून, मिटलेल्या तोंडाची नक्कल करून. श्रीपाद दारात उभा होता तिथेच उभा राहिला.

“मधू,” तो म्हणाला, “तुझ्या वडिलांना पोहायला येत होतं?”

“बाबांना? छे. ते पाण्याला घाबरायचे.”

“मग काल तू मला गच्चीवर काय सांगितलंस?”

तिने सांगायला तोंड उघडलं. गच्ची आठवत होती. ऊन, वाळत घातलेल्या चादरी, शेजारच्यांचा ट्रान्झिस्टर, त्याने हात हातात घेतला तेही. आपण काही तरी सांगत होतो आणि रडलोही, हे पक्कं आठवत होतं. काय सांगत होतो, तिथे मात्र धुतलेल्या काचपट्टीसारखं स्वच्छ होतं. डाग नाही, ओरखडा नाही. दुखतही नव्हतं.

श्रीपादने तिला तिची गोष्ट परत सांगितली. तिने ती लक्ष देऊन ऐकली. खोटं बोलणारा माणूस नव्हे तो, म्हणून तिने ती मानली, एखाद्याने आणून दिलेलं निरीक्षण मानावं तशी. पण घाटावरचा तो माणूस तिला दत्तात्रयांचाच बाप वाटत राहिला.

७

ती थांबली. पारावर कुणीकुणी विचारत होतं, ओळख कुठवर आली? हिमानीने लिहिलं, तुम्हाला सवड नसेल तर पुढचे प्रश्न मी विचारीन, माझ्या मनात पुष्कळ आहेत. मधुमतीने तिला घाईने उत्तर टाकलं, की तू अजिबात विचारू नकोस. का, ते लिहिता येईना.

आणि तरी तिला दत्तात्रयांचा राग येत नव्हता. तिने ते छापलेले कागद कपाटातून काढून पुन्हा वाचले. कुठे शब्द जास्त नाही, कुठे रडगाणं नाही. माझ्याजवळ राहिलं असतं तर हे असंच गाठोड्यात पडून राहिलं असतं, ती श्रीपादला म्हणाली. त्या माणसाने बघा काय केलंय त्याचं.

राग न येण्याचं खरं कारण वेगळं होतं. ते तिने आणखी काही दिवस मनातच ठेवलं.

लखनौला आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात त्यांना मुलगा झाला होता. फार थोडे दिवस होता. तो गेला तेव्हा मधुमती तापाने इस्पितळात पडून होती, आणि श्रीपादने एकट्याने त्याला गोमतीकाठी नेलं. कसं नेलं, कुठे ठेवलं, तिने विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. त्यानंतर मूल झालं नाही. दोघं त्या विषयाला वळसा घालून इतकी वर्षं सुखाने राहिली होती. सुखानेच, कारण दोघांनाही ठाऊक होतं की दुसऱ्यालाही ते ठाऊक आहे.

आता तिला कळलं होतं की एक प्रश्न विचारला की ते जाईल. अंग धुतल्यासारखं.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तिने तो प्रश्न लिहिलाही. तुमचं कुणी गेलं आहे का? मग बराच वेळ त्या हिरव्या अक्षरांकडे बघत बसली आणि एकेक अक्षर मागे जात पुसून टाकलं. संध्याकाळी तिने श्रीपादला सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने ‘आपलं बाळ’ हे शब्द तोंडाने उच्चारले.

 श्रीपाद म्हणाला, “तू विसरली असतीस. आणि मग मी एकटाच?”

एवढंच. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता. पण तो सबंध रात्र कुशीवर वळत राहिला, आणि सकाळी म्हणाला, आज मी तुझ्याबरोबर येतो. त्या माणसाशी मला बोलायचंय.

८

शनिवार होता, संस्था अर्धा दिवसच उघडी. धुकं विरून फिकट ऊन पडलं होतं. श्रीपादने दाराशी बूट काढले, मोजे काढून बुटांत घातले, आणि गालिच्यावर अनवाणी चालत आला. त्याने आजवर संगणकाला हात लावला नव्हता. मधुमतीने त्याला खुर्ची दिली, पत्र उघडून दिलं, आणि इंग्रजी अक्षरांत मराठी कशी लिहायची ते सांगितलं. बँकेत टंकलेखन यंत्रावर बसायची सवय होती, पण आज तो एकाच बोटाने, प्रत्येक कळ दाबून दाबून लिहीत होता.

ती शेजारी बसून वाचत होती, ओठ हलवत. माझ्या पत्नीला पत्र लिहू नये. तिचं जे घेतलंत ते पुरे झालं. सगळं सभ्य, बँकेतल्या पत्रासारखं. मग बोट थांबलं. त्याच्या कानशिलाची शीर उडताना तिला दिसली. आणि रागाच्या भरात, उत्तर हवं म्हणून नव्हे, तर माणूस माणसाला सुनावतो तसं, त्याने लिहिलं: तुमचं स्वतःचं कुणी गेलंय का कधी?

“अहो, नको,” मधुमती म्हणाली आणि तिने त्याचा हात धरला. त्याच्या बोटाने कळ दाबून झाली होती.

ती उठून सक्सेनाजींकडे धावली. ही चिट्ठी पाठवायची नाही, काढून टाका, म्हणाली. ते तिच्या चेहऱ्याकडे बघून दचकले. “घबराइए मत मैडम, अभी लाइन लगाई कहाँ है.” त्यांनी रांग उघडली, पत्र तिला दाखवलं आणि तिच्यासमोर पुसलं. “लीजिए. गई ही नहीं.”

मोडेम शांत होतं. त्याचा लाल दिवाही विझलेला. मधुमतीने श्वास सोडला, वळली.

श्रीपाद खुर्चीत मागे रेलून बसला होता. हात मांडीवर सैल पडलेले. कानशिलाची शीर बसली होती, आणि कपाळावर वर्षानुवर्षं असलेली, तिला इतकी सवयीची झालेली की आजवर न दिसलेली एक आठी तिथे नव्हती. आता ती दिसेना, तेव्हाच इतकी वर्षं ती होती हे तिला कळलं. चेहरा लग्नातल्या फोटोतल्यासारखा होता.

“झालं का तुझं काम?” त्याने विचारलं. “फार गार आहे गं इथे. चल, भूक लागली.”

त्याच्या खांद्यामागे, पडद्याच्या तळाशी, नवं पत्र आल्याची ओळ लुकलुकत होती.

९

तिने ते तिथे वाचलं नाही. छापून घेतलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि स्कूटरवर त्याच्या मागे बसली. तो काही तरी गुणगुणत होता. ज्या इस्पितळात बाळ गेलं त्या रस्त्याने तो इतकी वर्षं स्कूटर नेत नसे, लांबून पडलं तरी दुसऱ्या रस्त्याने घरी येई. आज सरळ त्याच रस्त्याने गेला. इस्पितळाच्या फाटकाशी थांबून पेरू घेतले, भैयाशी भावावरून हुज्जत घातली, आणि वर पाहिलंही नाही.

घरी तो आंघोळीला गेला तेव्हा ती खाटेवर बसून वाचू लागली.

दत्तात्रयांनी लिहिलं होतं, की हो, एक मुलगा होता. त्या सकाळी धुकं इतकं होतं की सायकलरिक्षावाला खाली उतरून, हँडल धरून चालत होता. मुलाला मी माझ्या स्वेटरात गुंडाळलं होतं, कारण दुसरं काही न्यायचं सुचलं नाही. नदीकडे चला म्हटल्यावर रिक्षावाल्याने वळून पाहिलं आणि विचारलं, बच्चा सो रहा है? मी म्हटलं, हाँ. मग तो सबंध वाट खड्डे चुकवत गेला. कुठे चाक आपटायला आलं की मागे वळून हळू आवाजात म्हणे, जागा तो नहीं? मी म्हणे, नहीं. मला त्याला खरं सांगता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर, तेवढ्या वाटेपुरता तो झोपलेलाच होता. हे मी माझ्या बायकोला कधी सांगितलं नाही. तिला वाटलं असतं की मी शेवटच्या वेळीही त्याच्याविषयी खोटं बोललो.

मधुमतीने कागद मांडीवर ठेवला. त्या स्वेटराचं काय झालं, हे तिने त्या हिवाळ्यात विचारलं होतं. हरवला, म्हणाला होता. इतकी वर्षं ती ज्याच्या शेजारी झोपत होती, तो माणूस हे घेऊन झोपत होता, आणि सकाळी उठून तिच्यासाठी चहा ठेवत होता. असा माणूस आपल्या वाट्याला आला, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच त्यामागून दुसरं आलं: आणि आता मी एकटीच? ते तिने पुढे येऊ दिलं नाही.

न्हाणीघरात पाणी पडायचं थांबलं. श्रीपाद टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला. तिला बघून थबकला.

“काय गं, काय झालं? रडतेस?”

“काही नाही. पारावरचं एक पत्र आहे.”

“इतकं चांगलं लिहिलंय?”

“हो.”

“मग वाचून दाखव ना.” त्याने पेरू कापून, मीठ लावून ताटली दोघांच्या मध्ये ठेवली आणि पाय वर घेऊन, गोष्ट ऐकायला बसावं तसा, खाटेवर बसला.

तिला नाही म्हणता आलं असतं. पण त्याचं ते होतं, आणि ऐकायचा हक्कही त्याचाच होता, असं तिला वाटलं. तिने सुरुवातीपासून वाचलं. आवाज कुठे कापू दिला नाही. श्रीपाद मन लावून ऐकत होता. रिक्षावाला दुसऱ्यांदा मागे वळून विचारतो तिथे त्याने हातातली फोड ताटलीत परत ठेवली.

वाचून संपलं तेव्हा गल्लीत कुणी तरी स्कूटरला किक मारत होतं. ती सुरू होऊन दूर गेली.

“बिचारा,” श्रीपाद म्हणाला. त्याचे डोळे खरोखरच ओले झाले होते. “कोण आहे गं हा माणूस?”

मधुमतीने कागदाची घडी घातली.

“फार चांगला माणूस आहे,” ती म्हणाली.